पेम्बाचं गेट आणि आमचा नळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी प्लंबर आहे. बावीस वर्षं पाइपांत हात घातलेत, आणि पाणी कुठून आलं हे मला सांगता आलं नाही असं फक्त एकदाच झालं. तेच लिहितोय.

कतार... दोह्याचा इंडस्ट्रियल एरिया, आमच्या कामगार कॅम्पमधली दुसऱ्या मजल्यावरची खोली. गेल्या जुलैतला शुक्रवार, म्हणजे सुट्टी. जुलैत इथं गच्चीवरची टाकी इतकी तापते की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. अंघोळीची बादली आम्ही पहाटेच भरून ठेवतो.

माझा रूममेट पेम्बा नेपाळचा, वेल्डर. त्याच्या गावाच्या डोक्यावर हिमनदीचं तळं आहे. त्याचा आजा तिथल्या बर्फावरून याक न्यायचा. मग बर्फ वितळला, डबकी झाली, डबक्यांचं तळं झालं आणि ते दरवर्षी फुगायला लागलं. त्याला बांध म्हणजे हिमनदीनंच आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. फुटला तर गाव गेलं! म्हणून गावकऱ्यांनी पाठीवर सिमेंट वाहून नेलं, चर खणला आणि पाणी सोडायला लोखंडी गेट बसवलं. वेल्डिंग पेम्बाचं. हे तो नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगतो.

त्या सकाळी त्याच्या आईचा फोन आला. पाणी चढलंय, गेट अडकलंय, धाकटा भाऊ चौघांना घेऊन वर गेलाय. मग फोन लागेचना. पेम्बा जेवला नाही.

"दाइ, मेरा वेल्डिंग टेढ़ा होगा क्या?" हे त्यानं मला दहा वेळा विचारलं. दाइ म्हणजे त्यांच्याकडे दादा.

"इन्शाल्ला, खुल जाएगा," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार...

दोन वाजता तो तोंड धुवायला गेला आणि ओरडला. मी धावलो. नळाला बर्फासारखं पाणी — माझी बोटं बधिर झाली! रंग दुधात राख कालवल्यासारखा, पेम्बा त्याच्या तळ्याचा सांगतो तसा. पेम्बा दोन्ही हात धारेखाली धरून हसत होता, रडत होता.

"दाइ, गेट खुल गया. ये हमारा पानी है."

पाचेक मिनिटं चाललं. मग पुन्हा चटके.

मी पाना घेऊन थेट गच्चीवर. टाकी कढत, पाणी नितळ, व्हॉल्व्ह ठीक. शेजारच्या खोल्यांतही गरमच पाणी.

तासाभरानं भावाचा फोन आला. गेट उघडलं, पाणी उतरतंय, आई सुखरूप. वेल्डिंग सरळच होतं, खाचेत बर्फाचा तुकडा अडकला होता. गेट उघडलं तेव्हा त्यांच्याकडे पावणेपाच वाजले होते. म्हणजे आमचे दोन.

गावी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अवो, उन्हानं डोस्कं फिरलंय तुमचं. वायसर बगा आदी!" वायसर मी दोनदा बघितलाय.

कॅम्पच्या कंप्लेंट रजिस्टरमध्ये 'कारण' असा रकाना असतो. माझा तो कधी रिकामा गेला नव्हता. त्या दिवसाचा अजून रिकामाच आहे. पण त्याची लाज वाटत नाही. उलट, खोलीत नवा माणूस आला की पेम्बाच्या गेटचं आता मीच आधी सांगतो, आणि माझं नाव नंतर.