डेलबर्टचा डावा पाय

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हॉइट लेडबेटर प्रेमात पडला, आणि पडला तोही अशा बाईच्या, जिच्या नवऱ्याचा पाय त्याने अख्ख्या जिल्ह्यादेखत मोडला होता.

पाय मोडला तो सत्त्याहत्तर साली, शनिवारी सकाळी, टीव्हीवर. त्या काळी टेनेसीच्या आमच्या कोपऱ्यात शनिवारी अकरा ते बारा कुस्तीशिवाय दुसरं काही व्हायचंच नाही. लग्नं दुपारनंतर ठेवायची, न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन टीव्हीपुढे बसायचा, आणि ज्याला पुरायचं असेल तोही बारापर्यंत निमूट थांबायचा. स्टेशनच्या स्टुडिओत ऐंशी घडीच्या खुर्च्या, मधोमध रिंग आणि मागच्या भिंतीवर हवामानाचा नकाशा. नकाशा अशासाठी, की कुस्तीचं वर्णन करणारा माणूस तोच, जो रोज संध्याकाळी पावसाचा अंदाज सांगायचा. आठवडाभर तो बिचारा खरं तेच सांगायचा, त्यावर कोणाचा काडीचा विश्वास नसायचा. शनिवारी सांगायचा ते मात्र लोक शपथेवर घ्यायचे.

डेलबर्ट सग्ज हा त्या कुस्तीतला सज्जन. सोनेरी केस, चर्चमध्ये पहिला बाक, म्हाताऱ्या आईला हाताला धरून गाडीतून उतरवणारा. आणि दुर्जन म्हणजे बॅरन ड्राझेक. कुठल्याशा बर्फाळ देशातून आलेला, काळा झगा, गुळगुळीत टक्कल, आणि तोंडातून शब्द म्हणून नाही, नुसती गुरगुर. हा बॅरन म्हणजे आमचा हॉइट. जन्म अलाबामातल्या भुईमुगाच्या शेतावरचा. बर्फ पाहिलेला तो फक्त थंड चहाच्या पेल्यात.

कुस्ती सगळी नाटकासारखी ठरवून व्हायची, पण धंद्याचा नियम कडक होता. रिंगमधलं वैर रस्त्यावरही पाळायचं. सज्जनांनी एका दाराने आत यायचं, दुर्जनांनी दुसऱ्या. एका गाडीत बसायचं नाही, एका खानावळीत जेवायचं नाही. हॉइट मुळातच शिस्तीचा माणूस. त्याने नियम असा पाळला, की नऊ वर्षांत गावात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. खाटकाकडे बोट दाखवून मांस घ्यायचा. जे काही बोलायचं ते बायको रूबी बोलायची. एकदा दाताच्या डॉक्टरने भूल चढायच्या आधीच दाढ उपटली, तेव्हाही हा गडी बर्फाळ देशाच्या भाषेतच बोंबलला.

शहाऐंशी साली कार्यक्रम बंद पडला. दुसऱ्याच सोमवारी हॉइटने हार्डवेअरच्या दुकानात जाऊन, अस्सल अलाबामी हेल काढून, अर्धा शेर खिळे मागितले. दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. मग ओपल टिडवेल म्हणाली, "बघा! परका माणूस, पण किती छान शिकला आपली भाषा!"

ही ओपल म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. ऐन जोमात होती तेव्हा ती दर शनिवारी स्टुडिओत पहिल्या रांगेत बसायची आणि हॅटला लावायची लांब टाचणी बॅरनच्या मांडीत खुपसायची. आता ऐंशी पार केली आहे, पण हॉइटचे उच्चार अजून सुधारते.

तर डेलबर्टच्या पायाची गोष्ट. डेलबर्टला झाली मूळव्याध. ऑपरेशन करायचं तर आठ आठवडे रजा हवी, आणि सोनेरी केसांच्या सज्जनाने टीव्हीवर सांगायचं काय? म्हणून ठरलं, की बॅरनने त्याचा पाय मोडायचा. हॉइटने डावा पाय धरला, पिरगाळला, लोखंडी खुर्ची घातली. डेलबर्ट असा किंचाळला, की स्टुडिओत दोन बायकांना घेरी आली. प्रत्यक्षात पायाला खरचटलंही नव्हतं. हॉइटचं कौशल्यच ते. सतरा वर्षं माणसं आपटली, पण एकाला साधी सूज येऊ दिली नाही. त्याला त्याचा मोठा अभिमान, आणि तो कोणाजवळ बोलून दाखवायची सोय नाही!

डेलबर्टने धडधाकट पायाला प्लास्टर घातलं. नियम म्हणजे नियम. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाल्या, घरात एकेचाळीस केक आले. उशी घेऊन बसायचा, तरी लोकांना वाटे, पायाच्याच वेदना. सहाव्या आठवड्यात, एका हातात नारळाचा केक घेऊन घराच्या पायऱ्या चढताना, ते जडशीळ प्लास्टर अडकलं, तोल गेला आणि उजव्या पायाचा घोटा खरोखरच मोडला. प्लास्टर गुपचूप डाव्यावरून उजव्यावर आलं आणि ठरल्याप्रमाणे आठव्या आठवड्यात निघालं, म्हणून तो घोटा नीट जुळला नाही. डेलबर्ट मरेपर्यंत लंगडत राहिला, आणि त्याला लंगडताना पाहून गाव चाळीस वर्षं बॅरनला शिव्या देत राहिलं. शिव्या डाव्या पायाच्या, लंगडणं उजव्याचं. हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रूबी गेली, मग डेलबर्ट गेला. त्याच्या नावाचं बेसबॉलचं मैदान झालं. आणि हॉइट आणि डेलबर्टची विधवा लोरीन, दोघांची परसदारं एकमेकांना लागून. हॉइट कुंपणावरून टोमॅटो द्यायचा. ती ताकाचा केक द्यायची, फडक्याखाली झाकून, ओपल न्हाणीघरात असेल ती वेळ साधून. असं करता करता दोन वर्षांत हॉइटचं डोकं फिरलं ते फिरलंच. शेवटी एके दिवशी त्याने धीर केला.

"लोरीन, बुधवारी चर्चच्या जेवणाला तुझ्या शेजारी बसू का?"

आमच्याकडे चर्चच्या जेवणाला विधुराने विधवेशेजारी बसणं म्हणजे लग्नाची पत्रिका छापल्यातच जमा. लोरीनने हातातला टोमॅटो खाली ठेवला.

"वेड लागलंय का तुला? ओपलच्या घशात घास अडकेल."

"ओपलला काय माहीत नाही, की कुस्ती सगळी ठरवून व्हायची?"

"माहीत आहे की. सगळ्यांना माहीत आहे. पण डेलबर्टचा पाय तू मोडलास."

"अगं, तो मोडलाच नव्हता! तुझ्याच घरातल्या पावाच्या सुरीने तू प्लास्टरच्या आत खाजवून द्यायचीस!"

"हळू बोल!" लोरीनने कुंपणापलीकडे नजर टाकली. "हे बघ, बसायला माझी ना नाही. मला तू आवडतोस. पण मला या गावात राहायचंय. डेलबर्टच्या वैऱ्याशी जमवलं म्हणून माझ्या तोंडावर दारं बंद होतील."

म्हणजे सगळं येऊन थांबलं ते एका न मोडलेल्या पायाशी.

त्याच सुमारास टीव्ही स्टेशनला जुनी टेप सापडली. कुस्तीच्या बाकी सगळ्या टेपा त्यांनी केव्हाच पुसून त्यांवर भजनं आणि गुरांचे बाजार भरले होते. एकच वाचली, कारण तिच्या डब्यावर कोणीतरी 'कोंबड्यांचे रोग' असं लिहून ठेवलं होतं. आत नेमकी डेलबर्टच्या पायाची कुस्ती. स्टेशनने ठरवलं, की शनिवारी सकाळी अकरालाच आठवणींचा कार्यक्रम करायचा, स्टुडिओतून थेट. बॅरनला बोलवायचं आणि डेलबर्टच्या पत्नीलाही.

हॉइट आमंत्रण घेऊन उड्या मारतच कुंपणाशी आला. "सुटलो! मी सगळं खरं सांगून टाकतो. मूळव्याधीपासून."

लोरीनचा चेहरा उतरला. "म्हणजे गावाने गुडघे टेकून प्रार्थना केल्या त्या मूळव्याधीसाठी, हे तू सांगणार? मैदानावर त्याचं नाव आहे, हॉइट. तिथे रोज पोरं खेळतात. त्या एकेचाळीस केकांचं काय करायचं? परत करू?"

"मग मी जन्मभर दुर्जनच राहायचं का?"

लोरीनने विचारलं, "तुमच्या धंद्यात वैर संपवायचं झालं तर काय करायचात?"

"त्याची रीत असते. सज्जनाने सगळ्यांसमोर हिशोब चुकता करायचा. दुर्जनाने मार खाऊन आडवं व्हायचं. मग लोक खूश होऊन घरी जातात, आणि पुढच्या आठवड्यापासून दुर्जनालाही टाळ्या पडू लागतात."

"बरं," म्हणाली आणि टोमॅटो घेऊन आत गेली. झगा इस्त्री करून घे, एवढं मात्र दारातून सांगितलं.

शनिवारी गाव स्टुडिओत लोटलं. पहिल्या रांगेत ओपल, डोक्यावर तीच हॅट. दारावर तिची टाचणी काढून घ्यावी असं कोणाला सुचलं नाही, आणि सोफ्यावर बसलेला हॉइट सवयीने थोडा मागे सरकला. टेप लागली. पडद्यावरच्या तरुण बॅरनने डेलबर्टचा डावा पाय पिरगाळला आणि स्टुडिओतल्या म्हाताऱ्यांनी हूऽऽ करून आरडाओरडा केला. ओपलच्या नातीने विचारलंसुद्धा, "आजी, हा तर डावा पाय. डेलबर्टआजोबा उजव्याने लंगडायचे ना?"

"इतका जोरात पिरगाळला, की कळ त्या पायात गेली," ओपल म्हणाली. आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या.

निवेदिका तरुण होती, हसतमुख होती. तिने हॉइटपुढे माइक धरला. "बॅरन, इतक्या वर्षांनी काही सांगावंसं वाटतं?"

खरं सांगावं तर डेलबर्ट बुडतो, खोटं सांगावं तर बुधवारचं जेवण बुडतं. तेवढ्यात लोरीन उठली. तिने सोफ्यामागून डेलबर्टची जुनी कुबडी काढली, आणि बॅरनच्या अंगावर धावून जाताना, धंद्यातले लोक एकमेकांच्या कानाशी कुजबुजतात अगदी तशी, कुजबुजली, "डावा हात वर कर."

हॉइटने केला. सतरा वर्षांची सवय. कोणी सांगितलं तर हात आपोआप वर जातो. फक्त एक गोष्ट तो विसरला. फटका जोरदार दिसावा पण लागू नये, हे शिकायला माणसाला वर्षं लागतात, आणि लोरीनने जन्मभर मारले होते ते फक्त डास. कुबडी पुऱ्या ताकदीने बसली. काड्कन आवाज झाला. हॉइट जुन्या पद्धतीने, बर्फाळ देशाच्या भाषेत, किंचाळत सोफ्यावरून खाली गडगडला. स्टुडिओ उभा राहिला. असा बॅरन त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

लोरीन त्याच्या छातीवर कुबडी टेकवून उभी राहिली. केस विस्कटलेले, गाल लाल. माइक शोधून तिने त्यात सांगितलं, "डेलबर्टच्या पायाचं भरून पावलं. आता ऊठ, आणि बुधवारी जेवायला माझ्या शेजारी ये. बायबलात वैऱ्याला जेवू घालायला सांगितलंय."

टाळ्या थांबेनात. ओपल डोळे पुसत होती. हॉइट खालूनच हळूच म्हणाला, "लोरीन, मोडला गं खरंच."

"झकास करतोयस," लोरीन पुटपुटली. "असाच पडून राहा."

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. मनगटाच्या वरचं हाड सरळ दोन तुकडे. लोरीन तिथेच रडायला लागली, मग हॉइटचं तोंड पाहून हसायला लागली, आणि नर्सने दोघांनाही पाणी दिलं.

बुधवारी संध्याकाळी हॉइट हात गळ्यातल्या झोळीत अडकवून, बोटांपासून कोपरापर्यंत पांढराशुभ्र प्लास्टर घालून चर्चच्या हॉलमध्ये शिरला, तर हॉलभर हशा पिकला. कोणी पाठ थोपटली, कोणी डोळा मारला. पाद्रीसाहेबांनी वाकून कानात विचारलं, "हे स्टेशनवाल्यांनीच करून दिलं का?" न्हाव्याने चमच्याने प्लास्टर वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "काम पक्कं आहे हो." दुखणाइतासाठी म्हणून एक केक कोणी आणला असेल तर शपथ. हॉइटने खिशातून एक्स-रेचा फोटो काढला. ओपलने तो दिव्यासमोर धरून उलटासुलटा पाहिला.

"आजकाल कॉम्प्युटरवर काय वाट्टेल ते बनवतात," ती म्हणाली आणि फोटो परत दिला.

हॉइटने तोंड उघडलं. सतरा वर्षं कोणाला दुखवलं नाही हे सांगता आलं नव्हतं. आता आपल्याला दुखतंय तेवढं तरी सांगावं, असं त्याला वाटलं असणार. पण टेबलाखाली लोरीनचा बूट त्याच्या बुटावर आला. तिने कॅटफिशचे तुकडे करून त्याच्या ताटात वाढले, पर्समधून विणायची सुई काढली आणि सगळ्यांदेखत ती प्लास्टरच्या आत घालून हळूहळू खाजवायला सुरुवात केली. हॉइटचे डोळे मिटले. उघडलेलं तोंड त्याने मक्याच्या पावासाठी वापरलं.

समोरून ओपलने विचारलं, "कधी काढणार म्हणे हे?"

"डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे."

"डेलबर्टला आठ लागले होते," ओपलने सुस्कारा सोडला. "खरं मोडलेलं वेगळंच असतं रे बाबा."