कागद भेटला नसला तरी लिहा

तुमची पोरगी एवढी वर्षं काय शिकते, असं कुणी माझ्या आईला विचारलं तर ती सांगायची, "हवा शिकून रायली." विचारणारा विषय बदलायचा. गोंदियाजवळच्या आमच्या गावात नर्स, मास्तरीण, तलाठी इथपर्यंतचं शिक्षण लोकांना कळतं. हवा शिकणारी मुलगी म्हणजे एकतर फार हुशार, नाहीतर लग्न टाळणारी. दोन्हींत थोडं थोडं तथ्य होतं.

मी पीएचडी करत होते. श्रीमंत आणि गरीब यांच्यात मोठी दरी असलेल्या समाजांत तरुण मुलं हवामान बदलाच्या प्रश्नात किती आणि कशी उतरतात, हा माझा विषय. एकच प्रश्नावली परदेशातल्या एका शहरात, पुण्यात, गोंदिया शहरात आणि केशोरीच्या पुढच्या एका खेड्यात भरून घ्यायची होती. मूळ इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मी केलं होतं आणि त्याचा मला चांगलाच गर्व होता. पुण्याच्या विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाचून "अगदी निर्दोष" म्हटलं होतं. मी ती निर्दोष पानं पिशवीत घालून, अर्जुनीहून बस पकडून केशोरीकडे गेले.

पहिल्याच प्रश्नाला ठेच लागली. "हवामान बदलाबद्दल तुम्ही काय ऐकलं आहे?" याचं एका मुलीने उत्तर दिलं, "आमच्या आज्याले डॉक्टरनं हवा बदलाले सांगतलं होतं. तो मंग देवरीले आत्याकडे जाऊन रायला. पंधरा दिवसांत बरा झाला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. देवरीची हवा चांगलीच आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी हसून तो प्रश्न समजावून सांगितला आणि पुढे गेले. तिथेच थांबून बाकीचे प्रश्नही पुन्हा वाचायला हवे होते. पण मला तेव्हा वाटलं, चूक त्यांची आहे.

आज्याची गोष्ट सांगणारी ती मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ग्रामपंचायतीच्या खोलीत गावातली तरुण मुलंमुली तिनेच गोळा केली होती. ज्याचं पेन चालेना त्याला स्वतःचं दिलं. संशोधनाच्या नियमाप्रमाणे फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. तिचा क्रमांक सतरा होता.

"माझं नाव नाई लिहाचं?" तिने विचारलं.

"नाही. नाव गुप्त ठेवायचं असतं."

"काऊन? चोरी थोडीच केली जी."

चौदावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. "हवामान किंवा पर्यावरण यासाठीच्या कोणत्या उपक्रमांत तुमचा सहभाग आहे? असल्यास लिहा." त्यावर गुण द्यायचे होते. पुण्यात मुलांनी पुरवण्या जोडल्या होत्या. या गावात पहिल्या फॉर्मपासून शेवटच्यापर्यंत एकच शब्द होता: नाही. सतरा नंबरवरही, गोल सुबक अक्षरात, नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण माझ्या मनातला सिद्धांत बरोबर ठरत होता. जिथे रोजचं जगणंच ओढाताणीचं, तिथे मुलांचा सहभाग कमी असणार. त्याच आठवड्यात मी तसा एक परिच्छेद लिहूनही टाकला, आणि तो मला फार आवडला.

जूनमध्ये पुण्याला या प्रकल्पातल्या तरुणांचं संमेलन होणार होतं. आमच्या जिल्ह्यातून एकच जण घ्यायचा, आणि तो चौदाव्या प्रश्नाच्या गुणांवर. गुणांचं मी सतरा नंबरच्या त्या मुलीला सांगितलं नव्हतं, संमेलनाचं मात्र बोलता बोलता सांगून गेले. त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. गाडी गोंदियाहून मिळते का? तिथे पोळ्याच असतात की भात भेटते? पंजाबी ड्रेस चालेल का? आणि शेवटी, "ताई, तिथं माइक राहते का? मले माइकवर बोलाचं हाय."

"काय बोलशील?"

"ते तिथं गेल्यावर सांगन."

मी तिला "बघू" म्हणत राहिले. या शब्दाचा मला आज राग येतो. "नाही" म्हणायची हिंमत नसलेल्या माणसाचा तो शब्द आहे. निवड झाली तेव्हा जागा गोंदिया शहरातल्या एका मुलीला मिळाली. तिचं चौदाव्या प्रश्नाचं उत्तर पानभर होतं, आणि प्रत्येक ओळीला प्रमाणपत्राची झेरॉक्स. त्या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. मी ठरवलं की सतरा नंबरला हे फोनवर नको, समोर जाऊन सांगायचं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी त्या गावात उतरले. ती घरी नव्हती. शेजारणीने हाताने दिशा दाखवली, "तलावावर हाय."

तलाव जुना, पूर्वजांनी बांधलेला, आणि त्या दिवसांत निम्म्याहून अधिक आटलेला. पाळीवर, म्हणजे त्याच्या मातीच्या बांधावर, चढून खाली पाहिलं तर वीसएक पोरंपोरी गुडघाभर चिखलात उभी. बेशरम नावाचं एक झुडूप आमच्याकडे तलावांत माजतं. कापलं तरी पुन्हा फुटतं, म्हणून तर ते नाव. पोरं ते मुळासकट उपटून काठावर फेकत होती. मधोमध ती उभी होती, ओढणी कमरेला खोचलेली, आणि कुणावर तरी ओरडत होती, "मूळ ठेवू नको बे, मूळ!" काठावर टोपल्यांत दुसरीच पाणवनस्पती ओली करून ठेवली होती. बेशरम निघालं की तिथे ती लावायची, म्हणजे मासे वाढतात, पक्षी येतात, आणि पाणी उन्हाळ्यात टिकतं. मला हे सगळं एका दहा-बारा वर्षांच्या पोरीने काठावर उभं राहून सांगितलं.

मला पाहून ती हात पुसत वर आली. चेहरा फुललेला होता. तो पाहून मला माझी बातमी गिळून टाकावीशी वाटली.

"हे काय करताय तुम्ही?" मी विचारलं.

"बेशरम काढून रायलो. दरसाली काढतो ना. पावसाच्या आधी पाट बी साफ करतो, नाई तं पानी धानाच्या बांधीपर्यंत पोचत नाई."

"मग लिहिलं का नाहीस?"

"कुठी?"

"चौदाव्या प्रश्नात."

ती गोंधळली. "तो तं सहभागाचा होता ना?"

"हो, मग?"

"सहभाग म्हंजे ते सर्टिफिकेट भेटते ते. आमाले शाळेतून खेळाले नेत जात. जिंकलं का कप, हरलं का सहभागाचं कागद. याचं आमाले कोनी कागद नाई देत. मंग खोटं कायले लिहाव?"

मी पाळीवरच बसले. इतकी सगळी "नाही" एका ओळीत डोळ्यांसमोर आली. मी ज्याला उदासीनता समजले होते तो त्या पोरांचा प्रामाणिकपणा होता. कागद नसताना "आहे" म्हणणं त्यांना खोटेपणा वाटला होता. आणि मी, याच मातीतली, शाळेत धावण्यात तिसऱ्यांदा शेवटची आल्यावर सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन रडत घरी गेलेली, सहभाग आमच्याकडे कशाला म्हणतात ते विसरून गेले होते. पुण्यात सहा वर्षं राहून मराठी निर्दोष झाली होती, दुसरं काय!

गावात रेंज फक्त पाळीवर मिळते. तिथूनच मी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यादी गेली गं. तिकिटंही निघाली. आता त्या मुलीची जागा काढून घेणं बरोबर नाही, आणि दुसरी जागा नाही. पण तू हे लिही. आपली चूक प्रबंधात नीट लिहिता येणं, हेसुद्धा शिक्षणच आहे." त्यांचं म्हणणं खरं होतं, पण त्या खरेपणाचा त्या क्षणी मला काही उपयोग नव्हता. ती पुन्हा खाली जाऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी खाली गेले आणि सांगितलं. पुण्याचं जमलं नाही, जागा दुसरीला मिळाली, आणि चूक तुझी नाही, माझ्या प्रश्नाची आहे.

तिने डबक्यात हात धुतले. स्वच्छ झाले तरी धूतच राहिली. मग विचारलं, "ते गोंदियावाली काय करते?"

"भाषणं देते. पोस्टर काढते. तिने झाडं लावलीत."

"जगली का झाडं?"

"ते मी विचारलं नाही."

"तेही विचाराले पायजे होतं," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज कडकच ठेवला होता तिने. "चांगली हाय का ते पोरगी?"

"चांगली आहे."

"मंग जाऊ द्या तिले." नाक ओढून ती माझ्यावर खेकसली, "आता उभ्या कायले रायल्या जी? उतरा ना!"

मी उतरले. पहिल्याच पावलाला एक चप्पल चिखलाने घेतली ती कायमची. बेशरम उपटायला जोर नाही, युक्ती लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. तीन झुडपं मुळासकट निघाली, बाकी सगळी माझ्या हातात तुटली. पोरं मनसोक्त हसली. दुपारच्या बसची वेळ झाली तशी मी एका चपलेनिशी वर आले.

बसची वाट पाहताना तिने माझ्या हातातून प्रश्नावली ओढून घेतली. चौदावा प्रश्न खोडला आणि खाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं: "पाण्यासाठी, जंगलासाठी, गावासाठी तुमी काय काय करता? कागद भेटला नसला तरी लिहा."

पुढच्या महिन्यात मी तोच प्रश्न छापून पुन्हा गेले. फॉर्मच्या मागची पानं भरली. मोहफुलं वेचताना झाडाखालचा पाला जाळत नाही, झाडतो, म्हणजे जंगल पेटत नाही. बांधीत सारसाने घरटं केलं तर तेवढा तुकडा नांगरत नाही. तलावाची पाळ खचली तर माती टाकतो. शब्द साधे, आणि काही ठिकाणी पानावर चिखलाचे अंगठे. माझा तो आवडता परिच्छेद मी कापून टाकला. त्याच्या जागी एक प्रकरण आलं, ज्याची सुरुवात "या संशोधिकेची चूक अशी" या शब्दांनी होते.

ती पुण्याला गेली नाही. पुढच्या वर्षी संमेलनच झालं नाही. माइकवर ती काय बोलणार होती, ते तिने मला अजून सांगितलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे राहिलं याचं दुःख मला आजही आहे. निदान तो प्रश्न कुणी लिहिला तेवढं नावानिशी छापावं म्हणून मी खूप खटपट केली. नियम आडवा आला. प्रबंधात तळटीप आहे: प्रश्नाची सुधारित शब्दरचना, उत्तरदाती क्रमांक सतरा. तिला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, "सतरा तं सतरा."

दुसऱ्यांदा भरलेले फॉर्म घेऊन गावातून निघाले तेव्हा, मी बसमध्ये चढत असताना तिने वहीचा एक घडी केलेला कागद माझ्या हातात कोंबला होता. लाल पेनाने चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर ठळक अक्षरांत "सहभाग प्रमाणपत्र". खाली लिहिलं होतं की या ताईंनी आमच्या तलावातील बेशरम काढण्याच्या कामात अर्धा दिवस सहभाग घेतला, तीन झुडपं मुळासकट काढली, एक चप्पल दिली. शेरा: शिकून राहिल्या.

माझ्या घरी भिंतीवर, विहारातून आणलेल्या तसबिरीखाली, आईने माझी सगळी प्रमाणपत्रं लावली आहेत. आई चौथी शिकलेली. इंग्रजी कागदांवरून ती फक्त फडकं फिरवते. हा कागद मात्र तिने उजेडात धरला आणि बोट ठेवून वाचला.

"अर्धाच दिवस?"

"बस होती."

"हे बरं हाय. यात काय केलं ते तं लिहून हाय." तिचं बोट सरकत खाली सहीवर आलं. सही पूर्ण नावाची होती, आधी मुलीचं, मग बापाचं, मग आडनाव, एकही अक्षर न गाळता. आईने ते नाव अक्षर लावून लावून मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "हेच का वं तुही मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "हीच."