एकच सीट
माझी पुतणी सुरतच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर कामाला आहे. कंपनी तिला वर्षाला पाहुण्यांसाठी थोडे पास देते. बमरोलीतल्या आमच्या चाळीत याचा अर्थ एवढाच झाला की आता हे लोक विमानाने फुकट फिरणार. मीही तेच धरून चाललो होतो, खोटं कशाला बोलू?

बंगळुरूला माझी बहीण शेवटच्या दुखण्यात पडली आणि आईचा धोशा लागला, मला तिचं तोंड बघू दे. पुतणी म्हणाली, काका, रेल्वेनेच जा. पास म्हणजे तिकीट नव्हे. तिकीटवाले सगळे बसले की मग स्टाफच्या घरचे, आणि त्यातूनही जागा उरली तर पाहुणे. तिच्या आईबापांचा नंबर आमच्या आधी लागतो, काका आणि आजी पार शेवटी. पण मी मेहुण्यांना फोनवर सांगून बसलो होतो की उद्या विमानाने येतोय. माघार कोण घेणार!

पुतणीने बजावलं होतं की नीट कपडे घाला, तिथे मला हाका मारू नका आणि वाद तर मुळीच घालू नका, नाहीतर माझे पास बंद होतील. आई धुतलेलं लुगडं नेसून बाकावर बसली. येणारा प्रत्येक प्रवासी तिला वैऱ्यासारखा दिसत होता. कडेवर पोर घेतलेली एक बाई धापा टाकत अगदी शेवटी पोचली, तेव्हा आईचा चेहरा उतरला. मग तिलाच लाज वाटली असावी, कारण तिने त्या पोराकडे बघून हात जोडले. त्या दिवशी विमान भरून गेलं. आम्ही रिक्षाने घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चेक-इन बंद व्हायच्या बेतात असताना पुतणीने आम्हाला काउंटरवर बोलावलं.

"काका, एकच सीट रिकामी आहे. आजीला पाठवते. तिकडे आमचा माणूस व्हीलचेअर घेऊन उभा राहील. लवकर सांगा."

आई आजवर एकटी बारडोलीलाही गेली नव्हती. मी घरातला कर्ता. म्हातारीला एकटीला विमानात घातलं म्हणून भाऊबंद काय म्हणतील, हेच आधी माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, जाऊ तर दोघं जाऊ, उद्या बघू. पुतणीने मान खाली घालून आमची नावं उद्याच्या यादीत टाकली.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत असताना मेहुण्यांचा फोन आला. बहीण पहाटेच गेली होती.

आई रडली नाही. भरलेली पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "एक जागा व्हती ना? मंग माले का बरं थांबाडं?"

तिचं वय, तिचे गुडघे, तिला न येणारी भाषा, माझ्याकडे कारणं भरपूर होती. पण काउंटरवर ती माझ्या शेजारीच उभी होती, आणि जातेस का, एवढंही मी तिला विचारलं नव्हतं.