उपासाच्या घेवड्यात चरबी

बायको जाईपर्यंत रादिसावला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं, हे सर्बियातल्या नीश शहरातल्या त्याच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. झिवाना गेली आणि पहिले दोन महिने गड्यानं पाव-सॉसेजवर काढले. पेन्शन महिनाअखेरपर्यंत पुरेना, पोट बिघडायचं ते वेगळंच. मग मात्र जिद्दीला पेटला. बाजार उठायच्या वेळेला जायचं, माल परत न्यायला कंटाळलेल्या बायांकडून मिरच्या, कोबी निम्म्या भावात उचलायचा. खाटकाकडून डुकराची चरबी आणून घरीच कढवायची आणि बरणीत भरून ठेवायची. "एक चमचा टाका, बटाटासुद्धा मटणासारखा लागतो!" असं शेजाऱ्यांना ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. आपल्यासारख्यांनी हेवा करावा इतकं चवीनं एकटा जेवायचा.

पण एकट्यापुरतं शिजवणं निराळं आणि स्लावा निराळी. स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं; येईल त्याला पोटभर वाढायचं. थोरली वहिनी स्तामेंका तोंडावरच म्हणाली होती, "भावजी, घरात बाईमाणूस नाही. यंदापासून स्लावा आमच्याकडे करू. उगाच हसं कशाला करून घेता?"

"झिवानानं अडतीस वर्षं केली, वहिनी. ती गेली, आता संतालाही घराबाहेर काढू?"

"बघू मग, काय दिवे लावताय ते!"

त्यांच्या कुळाचा संत निकोला, आणि त्याचा दिवस नाताळाआधीच्या उपासात येतो. मांस, दूध, अंडी सगळं वर्ज्य. मासा चालतो, पण परवडेना. म्हणून रादिसावनं मातीच्या मडक्यात भरपूर कांदा घालून पांढरा घेवडा ओव्हनमध्ये ठेवला. दुपारी भाऊ, स्तामेंका आणि तिघं शेजारी येऊन बसले. मेणबत्ती पेटली, पाव मोडून झाला. स्वयंपाकघरात त्यानं घेवड्याचा एक चमचा तोंडात घातला. अहाहा! आणि लगेच त्यानं वळून ओट्याकडे पाहिलं. इतकी चव नुसत्या तेलाला येतच नाही. ओट्यावर चरबीची बरणी उघडी होती, चमचा आत. कांदा परतताना हातानं रोजच्या सवयीनं चमचाभर चरबी टाकली होती.

दुसरा कुणी असता तर गुपचूप वाढून मोकळा झाला असता. कुणाला कळणार होतं? पण संताच्या दिवशी, त्याच्याच मेणबत्तीसमोर? रादिसाव बाहेर आला आणि लाल चेहऱ्यानं म्हणाला, "घेवड्यात चरबी पडलीय. चूक माझी."

भाऊ छताकडे बघायला लागला. स्तामेंका उठलीच. "म्हटलं नव्हतं मी? सरका, मी बघते काय करायचं ते."

"बसा वहिनी. माझ्या घरी पाहुण्या आहात तुम्ही." इतक्या ठामपणे तो तिच्याशी जन्मात बोलला नव्हता. ती बसली.

मग तो रोज स्वतःसाठी करायचा तेच त्यानं केलं, फक्त तेलात. बटाट्याच्या पातळ काचऱ्या, कांदा, वर लाल तिखट. आंबवलेला कोबी पिळून त्यावर तेल. आणि भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी. अर्ध्या तासात ताटं भरली.

स्तामेंकानं पावावर चटणी घेतली, घास तोंडात घातला आणि थांबली. दर शरद ऋतूत ती आणि झिवाना अंगणात बसून मिरच्या भाजायच्या.

"झिवानाच्या हातची ना?"

"तिची मे महिन्यातच संपली. ही माझी. बाजारात मऊ पडलेल्या मिरच्या स्वस्त मिळाल्या."

"अहो, तिच्यासारखीच झालीय हो!" म्हणताना वहिनीचा आवाज चिरकला. बटाटे संपले, कोबी संपला, शेजाऱ्यांनी बरणीचा तळ पावानं पुसून घेतला.

निघताना भावानं कोट चढवला. स्तामेंका दारात घुटमळली, डोक्याचा रुमाल दोनदा सोडून बांधला. मग म्हणाली, "भावजी, पुढच्या वर्षी आम्ही जरा लवकर येऊ. यांना भूक धरवत नाही."

रादिसावनं मान डोलावली. मग दोघांसाठी दार उघडून धरलं.