दारातली गीर गाय

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गवळ्यासमोर लोटा घेऊन उभं राहणं. मध्यभारत हे वेगळं राज्य होतं त्या दिवसांत तो बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या आमच्या दारी गाय-वासरू आणून समोरच दूध काढायचा.

हिनं गवळ्याला चिडवलं, "काय भिया, गाय झोपेतच आणली?"

"बाईजी, गीर है. डोळे अर्धे मिटलेले, कपाळ फुगीर, कान पानासारखे लोंबते. जातच अशी."

गाईला बोललेलं त्याला खपत नसे. माणसांची विचारपूस मात्र त्यानं कधी केली नाही. मला तो कोरडाच वाटायचा.

त्याच दुपारी ही गेली.

दुसऱ्या सकाळी तो आला. मी म्हटलं, "सुतक आहे, दूध नको."

"मालूम है."

एरवी दोन घोटांत गाईला पान्हा फुटला की तो वासराला ओढून बांधायचा, पण त्या दिवशी त्यानं वासराला मोकळं सोडलं आणि आमच्या दारात आमच्या वाटचं दूध पोटभर पिऊ दिलं.