अक्काच्या गाण्यातल्या मोकळ्या जागा

अक्का गेली आणि मागे तिची एक कॅसेट राहिली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, यावलला दिलेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मुराळी होऊन तिला माहेरी आणायला जायचो. मग एका पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि बघता बघता बाई हातची गेली.

आमच्याकडे आखाजीची गाणी झोक्यावर दोन बाजूंनी म्हणतात. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. शेवटच्या आखाजीला बाकीच्या बायका चुलीपाशी अडकलेल्या, तरी मी टेपरेकॉर्डर घेऊन अक्काच्या मागे लागलो. ती एकटीच गायली. उत्तर द्यायला समोर कोणी नाही, तरी उत्तराएवढा वेळ गप्प बसायची आणि मगच पुढचं कडवं धरायची. सवयच ती! त्या जागांमध्ये नुसती झोक्याची करकर.

मी दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो. वसाहतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि यंत्रांचा मला भारी नाद. ढोलकीच्या ठेक्याची फीत कापून टोकं चिकटवली की ती गोल फिरत राहायची, ठेका संपायचाच नाही. त्याच्यासोबत आपण गायचं, ते दुसऱ्या टेपवर भरायचं, मग ते लावून त्यावर आणखी एक थर. असे थर चढवत मी एकटाच अख्खा ताफा उभा करायचो.

पुढची आखाजी जवळ आली. आई म्हणाली, औंदा झोका नको. मला वाटलं, अक्काचं गाणं पुरं करून आईला ऐकवावं, तेवढाच तिच्या जिवाला विसावा. मूळ कॅसेट घरी आईपाशी होती, माझ्याकडे नक्कल. तिच्यावर ठेका चढवला, वसाहतीतल्या बायकांकडून उत्तरं गाऊन घेतली आणि सगळ्या जागा भरल्या.

काम करताना अंगावर काटा यायचा. गुंडाळलेल्या फितीत एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, म्हणून अक्का गायला लागायच्या आधीच तिचा पुसट सूर ऐकू यायचा. कारण मला चांगलं ठाऊक होतं. तरी भरदुपारी मी मागे वळून बघायचो.

आखाजीला घरी जाऊन मी कॅसेट लावली. आईने थोडंसं ऐकलं आणि हात वर केला.

"बंद कर. बठ्ठी जागा भरी टाकी तू. आते मी कोठे गाऊ?"

मला काही कळेना. तिने उशाखालून जुनी कॅसेट काढली आणि सरावलेल्या हाताने बटण दाबलं. अक्का गायली, थांबली, आणि त्या जागेत आई गायली. अगदी बेताने, जागेबाहेर एक अक्षर नाही. म्हणजे इतके महिने ही बाई घरात एकटी बसून गेलेल्या लेकीला उत्तरं देत होती! मी भिंतीला टेकून खाली बसलो.

मग ते कडवं आलं, ज्यात सासुरवाशीण विचारते, मला न्यायला कोण आलं? अक्का थांबली. आई गायली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली,

"हाई तुनं शे, भाऊ. तू म्हन."

मी तोंड उघडलं. टेपमधला झोका तेवढा करकरत राहिला. आणि मग अक्काने, तिला उत्तर मिळाल्यासारखं, हसऱ्या आवाजात पुढचं कडवं धरलं.