दहा उड्या

दूध तापायला ठेवलं की आत्या मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन उभी राहायची. चवडे पायरीवर, टाचा अधांतरी. एका हाताने चौकट धरून टाचा वर उचलायच्या, मग हळूहळू खाली सोडायच्या. तीस वेळा दोन्ही पायांवर, पंधरा वेळा नुसत्या उजव्यावर. तोवर दूध हटकून उतू जायचं.

"तुझे पाय चांगले धडधाकट आहेत. त्या दुधाने तुझं काय घोडं मारलंय?" आतोबा ओटा पुसत विचारायचे. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण सकाळचा अर्धा तास ओट्यापाशीच जायचा.

"पुसा मुकाट्याने. मोजणी चुकते माझी."

एम.ए.साठी मी दोन वर्षं त्यांच्याकडे राहिले. तो व्यायाम आत्याचा नव्हताच, हे मला महिन्याभराने कळलं.

आत्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं खेळ शिकवत होती. आवाज असा, की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेची. नववीतल्या एका मुलीला लांब तंगड्यांमुळे सगळी शाळा टोळ म्हणायची आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. इतक्या वर्षांत अशी पळणारी मुलगी आत्याला मिळाली नव्हती. एका शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत तीन आठवडे टोळची उजवी नडगी दुखत होती. अशा वेळी आत्याची एक साधी परीक्षा असे. दुखऱ्या पायावर दहा उड्या मारायच्या. तोंड वाकडं झालं तर घरी, नाहीतर मैदानावर.

"सहाव्या उडीला तिने खालचा ओठ दातांत धरला," एका दुपारी मटार सोलताना आत्या म्हणाली. "मी बघितलं. आणि लगेच हातातल्या, शर्यतीची वेळ मोजायच्या घड्याळाकडे बघायला लागले. ते मी सुरूच केलं नव्हतं गं. उड्यांना कोण वेळ लावतं?"

मग तिने टोळला विचारलं होतं, "दुखतंय?"

"नाही, बाई."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी चारशे मीटरच्या शेवटच्या वळणावर टोळ खाली बसली, ती उठलीच नाही. हाडाला चीर गेली होती. दोन महिने पायात गुडघ्यापर्यंतचा जाड बूट होता. तो निघाला तेव्हा पोटरी पार वाळून गेली होती. मग डॉक्टरांनी टाचा उचलायचा व्यायाम दिला, आणि तेव्हापासून इकडे आमचं दूध उतू जायला लागलं.

संध्याकाळी आत्या टोळच्या घरी जायची. एकदा मीही गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. टोळची आई दवाखान्यातल्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची, त्यामुळे तिच्या मनगटांवर भाजल्याचे बारीक डाग होते.

"नात्यातलंसुद्धा कुणी दोनदा आलं नाही," ती चहा पुढे करत म्हणाली. "तुम्ही मात्र रोज तीन जिने चढता. आणि ही बया तुमच्याशी खोटं बोलली! दुखत होतं तर सांगायला तोंड नव्हतं?"

टोळ उंबरठ्यावर टाचा वर-खाली करत राहिली. आत्याने कढत चहा तसाच घोटला. उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. "उद्या सांगते त्यांना."

ते उद्या चार महिने लांबलं.

पळायची परवानगी मिळाली, तीही बेतानेच. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. त्या सकाळी मैदानावर आत्या म्हणाली, "थांब. आधी ऐक. त्या दिवशी सहाव्या उडीला तू ओठ चावलास. मी पाहिलं होतं."

टोळ नाडी बांधत होती. "माहीत आहे, बाई."

"माहीत आहे?"

"तुम्ही पाहिलंत आणि काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, म्हणजे एवढं काही नसणार."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आत्याला आवाज फुटेना, म्हणून तिने शिट्टी वाजवली.

त्याच संध्याकाळी तिने टोळच्या आईलाही सांगितलं. त्या दिवशी चहा आला नाही. दुसऱ्या दिवशी आत्या पुन्हा गेली. पंधरा दिवस ती नुसतं पेलाभर पाणी पिऊन परत आली; मग एके दिवशी चहा पुढे आला.

पण पुढचं अवघड होतं. टोळ एकाची पाच मिनिटं पळायला लागली, मग दहा. आत्या दर फेरीला विचारायची, "दुखतंय?" टोळचं उत्तर ठरलेलं, "नाही." आत्या घरी येऊन म्हणायची, "मी कशावर विश्वास ठेवू? तिच्या 'नाही'वर की माझ्या डोळ्यांवर? दोन्ही एकदा खोटं बोललेत." तिचं घड्याळ कपाटात पडून होतं.

"आण ते दुकानात," आतोबा म्हणायचे.

"बिघडलं नाहीये ते."

"म्हणून तर आण म्हणतो. बिघडलेलं घड्याळ मला कळतं; धडधाकट घड्याळ कपाटात का पडून राहतं, ते कळत नाही."

निवड चाचणीच्या आठवड्यात आत्याने ते बाहेर काढलं. शाळेतलं टोळचं शेवटचं वर्ष, त्यामुळे ही निवडही शेवटचीच. मी पुस्तक घेऊन मैदानाच्या कठड्यावर बसले होते. टोळ सुरेख पळत होती. मलासुद्धा ते कळत होतं. शेवटच्या वळणावर मात्र ती हळू झाली, थांबली आणि तिने हात वर केला.

"बाई, दुखतंय." मग जरा वेळाने, "थोडंच आहे. पण दुखतंय."

आत्या धावत गेली. गुडघे टेकून तिने नडगीवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवला. एका जागी टोळने ओठ चावला नाही, सरळ "आई गं" म्हणाली. आत्याच्या हातातलं घड्याळ तसंच चालत राहिलं होतं.

"गुरुवारची निवड?" टोळने विचारलं.

"राहिली."

टोळने मान खाली घातली. आत्याने तिच्या बुटाची नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती.

"सावलीत बस," ती म्हणाली, "आणि मोजे ओले असतील तर तेही काढून टाक."